अनाक्लेतोनं न केलेला सौदा

अनाक्लेतोनं लंगड्याशी कधीही सौदा केला नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकता ऐकता तुम्ही माना डोलवाल आणि मनात म्हणाल, काहीतरी असणारच, आगीशिवाय धूर निघत नाही. निघतो, बाबांनो! नुसत्या तोंडातूनही निघतो. लंगड्या म्हणजे कोण, नरकाचा तो मालक, ते कळलं असेलच. आमच्याकडे त्याचं खरं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलं.

मी झेफेरिनो. वय एक्क्याऐंशी, दात चार, जीभ शाबूत. अनाक्लेतो माझा लहानपणापासूनचा मित्र, आणि त्याच्या मुलीचा मी धर्मबाप, बाप्तिस्म्याला तिला हातावर धरणारा, म्हणून आम्ही एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणायचो. सख्खा भाऊ एक वेळ तोंड फिरवेल, पण कोंपाद्रेला ती मुभा नाही. तर त्या नात्यानं मी आज पन्नासेक वर्षं या ब्रेजिन्यू गावाला ओरडून सांगतोय की त्या माणसानं काही केलं नव्हतं. ऐकतंय कोण! गाव म्हणतं, म्हातारा कोंपाद्रेची बाजू घेतो, चांगला माणूस आहे.

आमच्याकडे कुणाचं जरा बरं चाललं की त्याचं कारण एकच. दुकानदाराचं दुकान चालतं, म्हणजे त्याच्याकडे बाटलीत कोंडलेला छोटा लंगड्या आहे. काळ्या कोंबडीचं अंडं ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस काखेत उबवलं की तो बाहेर येतो म्हणे. चाळीस दिवस काखेत अंडं! तो दुकानदार दिवसभर पोती उचलायचा, काखेत अंडं ठेवलं असतं तर पहिल्याच दिवशी ऑम्लेट झालं असतं. पलीकडच्या टेकडीवरचा गुरांचा मालक मेला, तेव्हा गावानं ठरवलं की प्रेत लंगड्यानं नेलं आणि पेटीत केळीचा खांब भरून पुरला. अहो, मी स्वतः खांदा दिला होता. आमच्याकडे डिसेंबरात ऐन उन्हाळा, त्यात चार कोसांची वाट. आत केळीचा खांब नव्हता हे माझ्या नाकाला विचारा. पण मी सांगितलं तर लोक म्हणतात, तुला फसवलं त्यानं, वासही तोच घालतो.

आणि व्हियोला वाजवणारे तर विचारूच नका. दहा तारांचं ते वाद्य, आमच्या मुलखात ते हातात धरता येत नाही असं घर नाही, पण छान वाजवणारा शंभरात एक. आता तो एक असा कसा वाजवतो? संत गोन्सालोला नवस बोलून वाजवतो असं म्हणायला काय हरकत आहे, तो संत स्वतः व्हियोला वाजवायचा. पण नाही. स्मशानातल्या देवळाच्या मागच्या भिंतीत एक भोक आहे. गुड फ्रायडेला त्यात डावा हात घालायचा आणि लंगड्याला तीनदा हाक मारायची. तो पलीकडून हात धरतो आणि एकेक बोट मोडतो. बोटं सांधली की हात आपोआप वाजवू लागतो. त्याची किंमत तो आधी कधीच सांगत नाही. मागाहून येऊन स्वतःच घेऊन जातो, माणसाला सगळ्यात प्यारं असेल ते. आणि ज्यानं सौदा केला त्यानं तो कबूल करायचा नाही, विचारलं तर 'नाही' म्हणायचं. आता मला सांगा, ज्यानं केलाच नाही तो काय म्हणेल? तोही 'नाही'च म्हणेल की! मग दोघांत फरक कसा करायचा? गाव म्हणतं, फरक कशाला करायचा, 'नाही' म्हणाला ना, झालं तर मग.

विशीत असताना अनाक्लेतो व्हियोला वाजवायचा, पण काय सांगू, ऐकणाऱ्याला दाढदुखी परवडली. त्याची आई दोना जेनेरोझा भारी देवभोळी. उपासाच्या चाळीस दिवसांत तिच्या घरात शिट्टी वाजवायचीही बंदी. ते आमच्याकडे सगळेच पाळतात म्हणा. त्या दिवसांत व्हियोलाच्या तारा सैल करून ती भिंतीकडे तोंड करून टांगायची. वाजवलीच तर लंगड्या शेजारी बसून साथ करतो.

त्या वर्षी उपासाच्या दिवसांत अनाक्लेतो नदीपलीकडे मामाच्या बैलगाडीवर लाकूड ओढायला गेला. तिसऱ्याच दिवशी ओंडका घसरला आणि डाव्या हाताची दोन बोटं त्याखाली सापडली. मामानं बांबूच्या कामट्या लावून बांधली. काम बंद, परत यायला होडी नाही. शेजारच्या झोपडीत तिबुर्सियो नावाचा आंधळा म्हातारा राहायचा. तो कधीकाळी साऱ्या नदीकाठचा नावाजलेला वादक. आंधळ्याला उपासाचे दिवस आणि बाकीचे दिवस सारखेच. तो म्हणाला, "बोटं दोन मोडली, तीन शाबूत आहेत. अंगठ्याला धरून मोजतोय हं. बस इथं." आणि पाच आठवडे सकाळ-संध्याकाळ त्यानं याला बसवलं. कामट्या सुटल्यावर ती दोन बोटं वाकडी सांधलेली निघाली. म्हातारा म्हणाला, बरं झालं, वाकडं बोट तारेवर जास्त बसतं.

हे मला कसं माहीत? कारण ईस्टरसाठी त्याला आणायला मीच होडी घेऊन गेलो होतो. वाळूवर बसून वाजवत होता. मी होडीतच बसून राहिलो, वल्हं हातातून सुटून वाहून गेलं तरी कळलं नाही. मग त्यानं मला पाहिलं आणि घाबरला.

"झेफेरिनो, आईला सांगू नकोस रे. उपासात वाजवलं कळलं तर ती जेवायची नाही महिनाभर."

"मग बोटांचं काय सांगणार?"

"ओंडका पडला ते खरंच आहे."

"आणि हे वाजवणं कुठून आलं?"

"येईल की हळूहळू. मी पहिले काही दिवस वाईट वाजवेन."

अहो, वाईट कसला वाजवतोय! ईस्टरच्या शनिवारी उपास सुटतो, अंगणात नाच असतो. एकानं त्याच्या हातात व्हियोला दिली. चार सूर त्यानं मुद्दाम चुकवले, पाचव्याला विसरला. नाचणारे थांबले. दोना जेनेरोझा गुळाची कॉफी गाळत होती, ती गाळणं तसंच धरून उभी राहिली. आणि सगळ्यांची नजर गेली ती त्याच्या वाकड्या बोटांकडे.

आईनं विचारलं, "उपासात वाजवलंस का रे?"

"नाही, आई."

मग हे चाळीस दिवसांत आलं कुठून? सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. आणि आता माझं कर्म ऐका. माझ्या शेजारी दोन मुली उभ्या होत्या, मी थोडी उसाची दारू घेतलेली होती, आणि मला वाटलं आपण फार विनोदी आहोत. मी म्हणालो, "त्यात काय, भिंतीच्या भोकात हात घालून आलाय! बोटं बघा की."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मुली किंचाळल्या, मग हसल्या, मग धावत जाऊन आपापल्या आयांना सांगून आल्या. कुणीतरी अनाक्लेतोला विचारलं, खरं का? हे बघा, तेव्हा त्यानं सांगून टाकायला हवं होतं: उपासात वाजवलं, आंधळ्यानं शिकवलं, मोकळं झालं असतं. चार शिव्या, एक प्रायश्चित्त. पण आई समोर होती. तो नुसता गालात हसला. झाकली मूठ सव्वा लाखाची असं त्याला वाटलं असणार. छोटं पाप लपवायला त्यानं मोठं अंगावर घेतलं, आणि तेही न केलेलं.

पहिली काही वर्षं तर चंगळ झाली. दहा-दहा कोसांवरून बोलावणी यायची. लग्न असो, मक्याची सुगी असो, 'तो वाकड्या बोटांचा आणा.' लोक यायचे, लांब उभे राहायचे, पोरांना मागे धरायचे आणि ऐकायचे. मीही त्याच्याबरोबर जायचो आणि फुकटचं डुकराचं मटण हादडायचो. एकदा मी म्हणालो, "अनाक्लेतो, आता सांगून टाकू या का?" तर म्हणतो, "सांगितलं तर बोलावतील का?" मीही गप्प बसलो. मटण चांगलं असायचं.

जोव्हेलिना त्याच्या वाजवण्यावर भाळली. बारीक चणीची, चालताना पायाचा आवाज न येणारी मुलगी. तिची बहीण कोर्दुला मात्र अगदी उलट, बोलली की भिंतीचा चुना पडावा. कोर्दुलानं लग्नाच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "बघ बाई, त्या हाताला हात देतेस." जोव्हेलिना म्हणाली, "हात गरम आहे त्याचा." बस एवढंच म्हणाली. वर्षभरात दाल्व्हा झाली. मी तिला हातावर धरून बाप्तिस्मा करवला. पाणी डोक्यावर पडलं तेव्हा रडली नाही, माझी मिशी धरून ओढली.

अकरा महिन्यांची असताना तिला हगवण लागली. अनाक्लेतो नदीपलीकडे एका लग्नात वाजवायला गेला होता. निरोप पोचून तो परत येईपर्यंत तीन दिवस झाले. जोव्हेलिना पेरूच्या पानांचा काढा पाजत राहिली, डॉक्टर शहरात, शहर दोन दिवसांवर. तो दुपारी अंगणात शिरला तेव्हा मी पेटीला खिळे ठोकत होतो. निळ्या कागदानं मढवलेली, एवढीशी. त्यानं व्हियोला मातीत टाकली. मी त्याला धरलं. त्या वेळी त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून कधी कधी ऐकू येतो, मी कपाट करकरत सरकवून तो घालवतो.

दफन झालं, आणि विहिरीवर बायकांनी हिशेब जुळवला. बोलल्या, "घेऊन गेला." कोण ते विचारायची गरज नव्हती. "सगळ्यात प्यारं ते." मला कळलं तेव्हा मी विहिरीवर गेलो आणि अर्वाच्य शिव्या दिल्या. म्हणालो, "हगवणीनं गावात त्या महिन्यात चार लेकरं गेली! बाकी तिघांच्या बापांनी काय वाजवलं होतं?" त्यावर एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "त्यांचं पोट बिघडलं होतं, बाबा. हे वेगळं."

अनाक्लेतोनं त्यानंतर लग्नात वाजवणं सोडलं. तेव्हा आमचा ऑलिंपियो, नाताळच्या गोष्टीतल्या तीन राजांच्या फेरीचा कप्तान, त्याच्याकडे आला. नाताळपासून सहा जानेवारीपर्यंत निशाण घेऊन ही फेरी घरोघर गात जाते. ऑलिंपियो म्हणाला, "सात वर्षं राजांसाठी वाजव. सात वर्षांनी कुठलाही करार फाटतो." अनाक्लेतो चिडला, "माझा कुठलाही करार नाही." ऑलिंपियो समजूतदारपणे म्हणाला, "नाही, नाही, नसेलच. पण वाजव." मला वाटलं हा नकार देईल. पण जोव्हेलिना आतून बाहेर आली आणि म्हणाली, "वाजव. माझ्यासाठी." त्याला वाटलं, निशाण आपल्या घरात यावं एवढीच तिची हौस आहे. मलाही तेच वाटलं. दोन पुरुषांची अक्कल एकत्र केली तरी पसाभर होईना.

तर सात वर्षं तो वाजवत फिरला. आणि दर वर्षी लोक म्हणायचे, बघा, फेडतोय बिचारा. काहीच नसतं तर फेडलं कशाला असतं? म्हणजे वाजवलं तरी पुरावा, न वाजवलं तरी पुरावा. त्याची आई तोवर गेली, शेवटपर्यंत हेच धरून की पोरगा उपासात वाजवणारा नाही, एवढं तरी बरं. मामा आणि तिबुर्सियो केव्हाच मेले होते. त्याच्याखेरीज खरं काय ते माहीत असलेला मी एकटा उरलो. आणि मी कोण? ज्याच्या तोंडून ही भानगड बाहेर पडली तोच मी. आता मीच म्हणालो की ती थट्टा होती, तर लोक हसून म्हणायचे, दारू पिऊन माणूस खरं बोलतो, झेफेरिनो.

दोघांना पुढे मूल झालं नाही. ती दोघं मका लावायची, कोंबड्या पाळायची, संध्याकाळी उंबऱ्यावर बसायची. तिनं त्याला कधी टोचून बोललेलं मी ऐकलं नाही. त्याच्या ताटात भात ती स्वतः वाढायची, हिरवी भाजी त्याला आवडत नाही म्हणून भाताखाली लपवायची. मला वाटायचं, गाव गेलं खड्ड्यात, बायकोला तरी ठाऊक आहे.

एकतीस वर्षं झाली दाल्व्हाला जाऊन, तेव्हा जोव्हेलिना आजारी पडली. आमच्या कुडाच्या भिंतीत एक किडा असतो, तो लहानपणी केव्हातरी चावतो आणि पन्नाशीत काळीज फुगवतो. शहरच्या डॉक्टरनं काळा फोटो उजेडात धरून दाखवला, काळीज बैलाच्या काळजाएवढं झालं होतं. म्हणाला, घरी न्या, आवडेल ते खायला द्या. ती पाठीला तीन उशा लावून बसूनच झोपायची. कोर्दुला येऊन राहिली.

एका सकाळी अनाक्लेतो माझ्या दारात आला. त्याचं तोंड पाहून मला वाटलं, गेली.

"गेली नाही," तो म्हणाला. "कोंपाद्रे, तिनं मला काय विचारलं माहितीये? म्हणाली, दाल्व्हाला दिलंस तेव्हा नुसता जीव दिलास की आत्मा पण दिलास?"

मी खाटेवर बसलो.

"म्हणाली, तू सांगू शकत नाहीस हे मला माहितीये. मी एकतीस वर्षं विचारलं नाही. पण मी आता तिकडे चाललेय, मला कळायला हवं, ती तिथं भेटेल की नाही. नुसता डोळा मिचकाव म्हणाली. जीव असेल तर एकदा, आत्मा असेल तर दोनदा."

"मग?"

"मग काय! मी डोळे मिटलेच नाहीत, पाणी येईपर्यंत उघडे ठेवले."

मला राग आला, कुणाचा ते समजेना. मी टोपी घातली आणि तसाच त्याच्या घरी गेलो. जोव्हेलिनाच्या खाटेशेजारी बसून सगळं सांगितलं. ओंडका, आंधळा, पाच आठवडे, वाळू, वाहून गेलेलं वल्हं. मी दारू पिऊन केलेली थट्टा. मुलींची नावंसुद्धा सांगितली. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. मग माझ्या हातावर हात ठेवला, सुजलेला, थंड.

"कोंपाद्रे, तुम्ही फार चांगले आहात. असा कोंपाद्रे सगळ्यांना मिळो."

"अगं, मी खरं सांगतोय!"

"हो ना. तुम्हाला सांगावंच लागणार."

"बाप्तिस्मा मी करवला तिचा! मेणबत्ती मी धरली होती! बाप्तिस्मा झालेल्या लेकराचा आत्मा कुणाच्या बापाला देता येत नाही."

"कुणाच्या नाही. पण तिच्या बापाला येत असेल," म्हणाली. "धर्मबाप मोठा की बाप, कोंपाद्रे?"

मी महिन्यातून एकदा येणाऱ्या पाद्रीला बोलावून आणलं. तो परदेशी, अडखळत बोलायचा. त्यानं तिला समजावलं की असे सौदे म्हणजे अडाणी समजुती आहेत, ही हकिगत शेकडो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आली, त्याच्याही देशात प्रत्येक जुन्या पुलाला आणि प्रत्येक श्रीमंताला ती चिकटलेली आहे. आजीही सांगायची म्हणाला. जोव्हेलिनानं त्याचा हात चुंबला. तो गेल्यावर मला म्हणाली, "म्हणजे तिकडेही करतात."

कर्म माझं! हसावं की रडावं? मी अंगणात जाऊन लाकडं फोडत बसलो, लाकडांची गरज नसताना.

तिची तगमग वाढत गेली. रात्रंदिवस एकच, भेटेल का. कोर्दुलाला विचारी, मला विचारी, आणि तो खोलीत आला की त्याच्या डोळ्यांकडे बघत बसे. तो हताश होऊन बाहेर येई. एकदा म्हणाला, "कोंपाद्रे, खरं बोललं की ती मरतेय. रोज माझ्या समोर थोडी थोडी मरतेय." मी म्हणालो, "मग काय करणार?" तो घागर उचलून विहिरीकडे गेला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी दुपारी आम्ही तिघं खोलीत होतो, कोर्दुला उशा सारखी करत होती. अनाक्लेतो आत आला, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. खाटेपाशी गुडघ्यावर बसला.

"जोव्हेलिना," तो म्हणाला, "सांगतो. हात घातला होता मी भिंतीत."

मी उठलो. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी परत बसलो.

"त्यानं काय घेणार ते सांगितलं नव्हतं. नंतर आला मागायला. मी म्हणालो, आत्मा देणार नाही. भांडलो त्याच्याशी. बाप्तिस्मा झालाय म्हणालो, मेणबत्ती लागलीय, त्याला हात लावायचा नाही. तर म्हणाला, बरं, जीव दे नुसता. एवढाच नेला त्यानं. आत्मा नाही. आत्मा तिथंच आहे, वर. तू जाशील तेव्हा भेटेल."

जोव्हेलिना एकदम रडायला लागली. हुंदके देण्याइतका श्वास नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. "हात नाही ना लावला? नाही ना?" "नाही." "मिशी ओढायची ती. कोंपाद्रेची मिशी." "हो." इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा मोकळा झालेला मी पाहिला नव्हता. खरं सांगतो, मला वाटलं, चला, खोटं तर खोटं, तिचा शेवट गोड झाला.

मग त्यानं तिचे डोळे पुसायला डावा हात पुढे केला. जोव्हेलिना उशीत मागे सरकली.

"तो नको," ती म्हणाली.

त्यानं उजवा केला.

"तूच नको रे. राग नाही माझा. माफ केलंय मी तुला, देवाशपथ. तरुण होतास, कळलं नसेल काय मागेल ते." ती थांबून थांबून बोलत होती. "पण तू बोलला नव्हतास ना, तोवर मला तुझ्या ताटात भात वाढता येत होता. मी म्हणायची, कदाचित नसेलही. रोज सकाळी उठून म्हणायची. आता कसं म्हणू? आता तू बाहेर जा. कोर्दुला आहे इथं."

तो उठला आणि बाहेर गेला. मी त्याच्या मागोमाग जाऊन म्हणालो, "आत्ताच्या आत्ता आत जा आणि सांग की खोटं होतं!" तर म्हणतो कसा, "मग दाल्व्हा तिला कुठं भेटेल?"

कोर्दुलानं संध्याकाळच्या आत सगळ्या गावाला सांगितलं. तेव्हापासून माझ्या शब्दाला काडीची किंमत उरली नाही. त्यानं स्वतः कबूल केलं, म्हणतात, मरणाऱ्या बायकोपुढे, गुडघ्यावर बसून.

त्यानंतर ती नऊ दिवस जगली. शांत होती. दाल्व्हाला काय काय सांगायचं ते कोर्दुलाला बोलून दाखवायची. अनाक्लेतो स्वयंपाकघरात असायचा. कोंबडीचं पाणी तोच करायचा, मक्याची पेज तोच ढवळायचा, आणि दाराशी येऊन वाडगा कोर्दुलाच्या हातात द्यायचा. कोर्दुला आत जाऊन 'मी केलीय' म्हणून भरवायची. पहिल्या दिवशी तिनं वाडगा घेताना त्याच्या हाताला हात लागू नये म्हणून झग्याच्या टोकानं धरला. पाचव्या-सहाव्या दिवशी नुसता घेतला. एकदा आतून जोव्हेलिना म्हणाली, "कोर्दुला, आज मीठ बरोबर पडलंय गं, शिकलीस शेवटी." तो दाराच्या अलीकडे उभा होता. कोर्दुलानं बाहेर येऊन त्याच्याकडे पाहिलं आणि ती चुलीपाशी जाऊन उगीच राख ओढत बसली.

नवव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला जोव्हेलिना गेली. मी आत होतो. त्रास झाला नाही फारसा. बाहेर आलो तेव्हा तो अंगणात कोंबड्यांना मका टाकत होता, टोपलीतला सगळा मका एकाच जागी टाकून झाला होता. माझ्याकडे पाहून त्याला कळलं.

"कोंपाद्रे," तो म्हणाला, "आता आत गेलं तर चालेल का?"

मी बाजूला झालो. कोर्दुलानं तिला धुऊन लग्नातला झगा चढवला होता. हातांत जपमाळ गुंडाळून हात चादरीच्या आत घेतले होते आणि चादर दोन्ही बाजूंनी घट्ट खोचली होती. "तिनंच सांगून ठेवलं होतं," कोर्दुला माझ्याकडे न बघता म्हणाली. अनाक्लेतोनं ऐकलं. चादर काढायला तो गेला नाही. खाटेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खाली बसला आणि चादरीवरूनच त्यानं तिचे पाय धरले.